मुकुरिपेच्या काठावरचं जेवण

धान कापायला आलं की माझ्या नाकात समुद्राचा वास येतो. हे मी कोंढ्याच्या बाजारात कुणाजवळ बोलले, तर भाजीवाल्या बायाही हसतील. भंडारा जिल्ह्यातल्या बाईला समुद्राचं काय? आमच्याकडे पाणी म्हणजे वैनगंगा, गावोगावचे तलाव, आणि आता गोसीखुर्द धरणाचा दूरवर पसरलेला फुगवटा. पण दिवाळी सरली, शेताच्या बांध्यांतलं पाणी आटलं, लोंब्या पिवळ्या होऊन वाकल्या आणि सकाळच्या गारव्यात विळ्यांचा खसखस आवाज सुरू झाला, की ओल्या तणसाच्या वासामागून तो दुसरा वास येतोच. खारा, गरम, पिकलेल्या काजूफळांचा. मग हातातलं काम हातात राहतं आणि मी ब्राझीलमधल्या फोर्तालेझा नावाच्या शहरात जाऊन पोचते.

अशाच हंगामात आम्ही तिकडे गेलो होतो. आमची एकुलती एक मुलगी सुजाता तिथे पवनचक्क्यांच्या कंपनीत इंजिनिअर आहे. जावईही तिथेच नोकरी करतात. सुजाताला दिवस गेले होते आणि बाळंतपणाला आई हवी, हा तिचा हट्ट होता. मी शाळेतून निवृत्त झालेली, मी तर एका पायावर तयार. प्रश्न होता तो सुजाताच्या बाबांचा. धान उभं टाकून कुठे जाऊ, असं ते म्हणत राहिले. शेवटी त्यांचा बालमित्र सुखदेव एका सकाळी येऊन ओट्यावर बसला आणि कापणी-मळणी सारी माझ्यावर सोड, असं सांगून गेला. मग त्यांच्याजवळ कारण उरलं नाही.

खरं कारण धान नव्हतंच. ते मला ठाऊक होतं. ते शहर समुद्राच्या काठावर होतं आणि या माणसानं पाण्याशी बोलणं सोडलं होतं.

आमचं जुनं गाव वैनगंगेच्या अगदी काठाला. धरण भरलं आणि गाव पाण्याखाली गेलं. आम्हाला नव्या वसाहतीत प्लॉट मिळाला, पक्कं घर झालं, विहार झालं, रस्ता झाला. गावातली माणसं हळूहळू सावरली. सुखदेवसारख्यांनी तर डोंग्यातून, म्हणजे लहान होडीतून, त्याच पाण्यात जाळी टाकून नवा धंदा सुरू केला. पण सुजाताचे बाबा सावरले नाहीत. एकेकाळी हा माणूस कामावरून आला की गरी घेऊन नदीवर जायचा. मरळ कोणत्या डोहात बसते, झिंगे कोणत्या महिन्यात गोड लागतात, हे त्यांच्या जिभेवर असायचं. गाव सोडलं त्या वर्षापासून त्यांनी मासा ताटात घेतला नाही. कुणी आग्रह केला तर एवढंच म्हणायचे की आता पचत नाही. धरणाकडे जाणारा रस्ता आला की ते दुसऱ्या रस्त्यानं वळायचे. मी काही बोलत नसे. माणसानं कशाचं सुतक धरावं हे दुसऱ्यानं ठरवू नये.

फोर्तालेझात सुजाताचं घर उंच इमारतीत होतं. गॅलरीत उभं राहिलं की निळं पाणी थेट आभाळाला टेकलेलं. वारा एवढा की वाळत घातलेली साडी ढोलासारखी फुगायची. पोचल्या दिवशी सुजातानं मोठ्या हौसेनं गॅलरीत बाबांसाठी खुर्ची मांडली. ते बसले, पण आधी त्यांनी ती फिरवून घराकडे तोंड करून घेतली. सुजातानं माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, बाबा, समुद्रावर चालता का?

“पाणीच आहे ना,” ते म्हणाले. “पाणी लय पाह्यलं मी.”

नात झाली. गोरी ना काळी, आमच्या धानाच्या कोंड्याच्या रंगाची. बाळंतिणीसाठी मी डिंक, जवस, मेथी, खारीक सगळं बांधून नेलं होतं, फक्त गूळ न्यायचा विसरले. गुळाशिवाय लाडू कसले! जावयांनी मला तिथल्या मोठ्या बाजारात नेलं. गोल, मजल्यांवर मजले चढवलेला, आत उताराउतारानं वर जाणारा बाजार. दुकानांत काजूच्या बिया, चामड्याच्या चपला, झालरी लावलेले कपडे टांगलेले. एका दुकानात कागदात गुंडाळलेल्या तपकिरी विटा रचून ठेवल्या होत्या. मी नुसती पाहत होते, तर दुकानदारानं एक तुकडा फोडून माझ्या तळहातावर ठेवला. तोंडात टाकला आणि माझे डोळे भरून आले. गूळ! अगदी आपला, उसाचा, जरा जास्त कडक. तिकडे त्याला रापादुरा म्हणतात. त्या दिवशी मला कळलं की परक्या शहराशी ओळख डोळ्यांनी होत नाही. डोळ्यांना सगळं वेगळंच दिसतं. जिभेला मात्र नातेवाईक लगेच ओळखू येतात.

मग मला असे नातेवाईक भेटतच गेले. सकाळी इमारतीखाली एक बाई गाडी लावायची. ओलसर पांढरं पीठ तापल्या तव्यावर नुसतं भुरभुरायची, ना पाणी ना तेल. ते पीठ आपोआप एकमेकांना धरायचं आणि पातळ पांढरी पोळी व्हायची. तिच्यात खोबरं आणि चीज घालून दुमडून द्यायची. ज्या कंदाचा आपला साबुदाणा होतो, त्याच कंदाचं ते पीठ. मी आयुष्यभर एकादशी न धरताही साबुदाणा आवडीनं खाल्ला, पण त्याचं माहेर इतक्या दूर असेल हे ध्यानीमनी नव्हतं. तिकडचा रोजचा भात म्हणजे बरबटी, म्हणजे चवळी, घालून शिजवलेला भात. वरून त्याच कंदाचं भाजलेलं पीठ शिंपडायचं, जसं आपण जवसाची चटणी घेतो.

एकदा जावई आम्हाला अशा खानावळीत घेऊन गेले जिथे हवं ते आपल्या हातानं वाढून घ्यायचं आणि मग ताट काट्यावर ठेवायचं, जेवढं वजन तेवढे पैसे. सुजाताचे बाबा ताट हातात धरून काट्यासमोर उभे राहिले. त्यात बरबटीचा भात आणि कोशिंबीर, बस.

“आपल्याकडे धानाचं माप होते,” ते म्हणाले, “इथं जेवणाऱ्याचं होऊन राहिलं.”

त्या बाजारात मी पुन्हा पुन्हा जात राहिले. एका जिन्याजवळ एक म्हातारी मांडीवर गोल उशी घेऊन बसायची. उशीत काटेरी झाडाचे काटे खोचलेले आणि त्यांच्याभोवती लाकडी दांड्यांना गुंडाळलेले दोरे. दांड्या एकमेकांवर आपटत टकटक वाजायच्या आणि खाली जाळीदार किनार उतरत जायची. माझं माहेर पवनीचं. आमच्या गल्लीत घराघरांतून मागाचा आवाज यायचा, त्या आवाजावर मी पाढे पाठ केले. म्हणून मी तिच्याजवळ जरा जास्तच वेळ उभी राहिले असेन. त्या दिवशी माझ्या अंगावर कोशाची रेशमी साडी होती. म्हातारीनं काम थांबवलं, माझा पदर दोन बोटांत धरला, उजेडाकडे नेला, उलटा करून पाहिला. मग तिनं माझ्याकडे पाहून मान डोलावली, जशी माझी काकू चांगल्या विणीला डोलवायची. मी नातीच्या टोपड्यासाठी तिच्याकडची किनार घेतली. आम्ही दोघी एक शब्दही बोललो नव्हतो, पण घरी आल्यावर मला खूप गप्पा मारून आल्यासारखं वाटलं.

आणि झोळ्या! त्या शहरात दुकानंच्या दुकानं झोळ्यांची. मोठ्या माणसांच्या, रंगीत, झालरीच्या. घरोघरी भिंतीला कड्या असतात आणि लोक पलंग सोडून झोळीत झोपतात. दुकानदारानं सुजाताच्या बाबांना हात धरून एका झोळीत बसवलं. ते आधी अवघडले, मग पाय वर घेतले, मग ती हलली आणि ते हसले. आमच्याकडे लेकरू चालायला लागलं की झोळी सोडते, इथं म्हातारा झाला तरी सोडत नाही, असं काहीतरी ते मला म्हणाले. गाव सोडल्यानंतर त्यांचं असं पोटातून आलेलं हसू मी ऐकलं नव्हतं. मी ती झोळी तिथेच घेऊन टाकली.

सुजाताला बाहेर पडायची मुभा मिळाली, तेव्हा ती म्हणाली की आज मला मुकुरिपेला जायचं आहे. मुकुरिपे म्हणजे त्या शहरातला जुना मासेमारांचा किनारा. तिथे ओळीनं मासळीची दुकानं आहेत. आपण मासा निवडायचा, आणि शेजारच्या टपरीवर दिला की ते तळून, भातासोबत वाढतात. सुट्टीवर आलेले लोक मुद्दाम तिथे जेवायला येतात. मला वाटलं, सुजाताचे बाबा घरीच थांबतील. पण सुजातानं नात त्यांच्या हातात दिली आणि आईला नि मला मासे पाहायचे आहेत, हिला तुम्ही धरा, असं सांगितलं. नातीपुढे त्यांचं काही चालत नसे. ते आले.

दुपार कलत होती. आम्ही सेल्मा नावाच्या बाईच्या टपरीवर बसलो. सुजाता तिच्याकडे नेहमी यायची. सेल्मा माझ्याच वयाची, केस वर बांधलेले, हाताला पिठाचा आणि लिंबाचा वास. बाळ पाहून तिनं सगळ्यात चांगली खुर्ची सुजाताच्या बाबांना दिली. ही खुर्ची पाण्याकडे तोंड करून होती आणि मांडीवर नात झोपलेली, त्यामुळे त्यांना ती फिरवता येईना.

तेवढ्यात एक शिडाचा तराफा किनाऱ्याला लागला. तिकडे मासेमार अजून तसे तराफे चालवतात. लाकडी, सपाट, वर एकच पांढरं शीड. चार माणसं उतरली. तराफ्याखाली नारळाच्या खोडाचे गोल ओंडके घालून तो वाळूवर ढकलत आणायचा असतो, पण चढावर तो अडला. ती माणसं खांदा लावून रेटत होती आणि तो हलत नव्हता. मी पाहिलं, सुजाताच्या बाबांच्या मानेच्या शिरा ताठल्या. बसल्याजागी ते मनानं ढकलत होते. मग ते उठले, नात माझ्या मांडीवर ठेवली, चपला काढल्या, पँट दुमडली आणि तराफ्याकडे चालत गेले. मागच्या ओंडक्याची तिरपी बसलेली बाजू त्यांनी पायानं सरळ केली आणि त्या माणसांच्या रांगेत खांदा लावला. तराफा सरकला. एका लाटेनं त्यांना गुडघ्यापर्यंत भिजवलं. ते तिथेच उभे राहिले. दुसरी लाट आली, तिसरी आली, तरी उभेच.

परत आले तेव्हा अंगाला वाळू होती. एका मासेमारानं त्यांच्या पाठीवर थाप मारली होती, त्याचा ओला पंजा शर्टावर उमटला होता. सेल्मानं पाणी दिलं आणि सुजाताला विचारलं की तुझे वडीलही मासेमार का? सुजातानं आमच्या गावाची गोष्ट तिला थोडक्यात सांगितली. सेल्मा ऐकत मासा चिरत होती. मग तिनं सुरीनंच मागच्या उंच इमारती दाखवल्या. तिचा बाप तराफ्यावर जायचा. त्यांचं घर इथेच वाळूवर होतं, त्या इमारतींच्या जागी. शहर वाढलं, किनाऱ्याच्या जागेला मोल आलं आणि त्यांना मागच्या टेकडीवर जावं लागलं. ती रोज टेकडीवरून उतरून इथे येते.

सुजाताच्या बाबांनी बराच वेळ त्या इमारतींकडे पाहिलं. मग सुजाताला म्हणाले, “विचार तिले, इतकं झाल्यावर रोज इथंच कायले येते?”

सुजातानं विचारलं. सेल्माला प्रश्नच कळला नाही. सुजातानं पुन्हा समजावून विचारलं, तेव्हा तिनं हात पुसले आणि असं काहीतरी बोलली की सुजाताला हसू आवरेना.

“ती म्हणते, मग मासा कुठून आणू?” सुजातानं सांगितलं. मग थांबून म्हणाली, “आणि म्हणते, घर घेतलं ते माणसांनी. समुद्रानं माझं काय वाईट केलं?”

ताट आलं. अख्खा तळलेला लाल मासा, लिंबाच्या फोडी, बरबटीचा भात, बाजूला ते भाजलेलं पीठ. सुजातानं नेहमीप्रमाणे त्यांच्यासाठी वेगळा नुसता भात मागवला होता. त्यांनी तो बाजूला सारला. लिंबू पिळलं, अंगठा आणि एका बोटानं मासा पाठीवरून उकलला, मधला काटा अख्खा उचलून ताटाच्या कडेला ठेवला. ती रीत मी किती वर्षांनी पाहत होते. मी पाहते आहे हे त्यांना कळू नये म्हणून मी नातीच्या टोपड्याची गाठ सोडत होते, बांधत होते. पहिला घास त्यांनी चावला, गिळला आणि पाण्याकडे पाहत म्हणाले, “मीठ बराबर आहे.”

सुजाता उठून सेल्माच्या मागे गेली, कारण तिला रडायचं होतं.

पुढचे दिवस कसे गेले सांगता येणार नाही. खेकडे झाले, झिंगे झाले, काठीला खोचून निखाऱ्यावर भाजलेलं चीज झालं. काजूची लालपिवळी फळं पिकली की तिकडे गल्लीगल्लीत वास सुटतो, उग्र-गोड, थेट आपल्या मोहफुलांसारखा. सुजाताचे बाबा सकाळीच मुकुरिपेला चालत जायचे. पोर्तुगीजचा एक शब्द येत नव्हता, पण तराफे ओढायला शब्द लागत नाहीत. निघायच्या दिवशी सेल्मानं त्यांना खारवलेला मासा बांधून दिला. विमानतळावर तो सोडून द्यावा लागला तेव्हा ते लहान पोरासारखे हिरमुसले.

आता वाटतं, पाहुणा होऊन राहणं ही मोठी औषधी गोष्ट आहे. आपल्या गावात आपलं दुःख सगळ्यांना पाठ असतं, म्हणून ते कुणी विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. परक्या ताटासमोर बसल्यावर ते नव्यानं सांगावं लागतं आणि सांगताना जरा हलकं होतं.

परत आलो तेव्हा धान पोत्यांत भरून झालं होतं. सुखदेव सगळा हिशेब सांगायला आला. सुजाताच्या बाबांनी त्याला बसवलं, चहा दिला आणि मध्येच थांबवून म्हणाले, “उद्या डोंगा काढशील तं मले हाक मार.” सुखदेव त्यांच्याकडे पाहत राहिला. काहून म्हणून त्यानं विचारलं नाही. सकाळी आला आणि दारात उभा राहिला, आत यायलाही तयार नाही, न जाणो यांचा विचार बदलेल म्हणून. दुपारी ते परत आले, फडक्यात झिंगे बांधून. मी ते वाळवलेल्या कैरीच्या फोडी घालून केले. घर वासानं भरून गेलं. शेजारची बाई भिंतीवरून डोकावून गेली.

धरण पाहायला रविवारी नागपूर-भंडाऱ्याची माणसं येतात. पाणी पाहतात, फोटो काढतात, वेफर्सची पाकिटं फोडतात आणि उपाशी पोटी परत जातात. हे आम्ही सगळेच पाहत होतो. पण आता सुजाताच्या बाबांना ते बघवेना. त्यांनीच काठावर जेवण देण्याचा विषय काढला. आमच्या बचत गटातल्या बाया आधी हसल्या. आपल्या हातचं कोण खाईल, अशी शंका एकीनं काढली. तिची शंका कुठल्या जुन्या अनुभवातून आली होती ते आम्हा सगळ्यांना कळत होतं, म्हणून कुणी तिला गप्प केलं नाही. पण चूल मांडली. सुखदेवच्या डोंग्यातून ताजा मासा, तो पाहुण्यानं निवडायचा, आम्ही तळून द्यायचा. सोबत आमचा नवा भात, लाखोळीच्या डाळीचे वडे, उपड्या मडक्यावरच्या लांब रोट्या.

पहिल्या रविवारी कुणीच आलं नाही. आम्हीच पोटभर जेवलो. पुढच्या खेपेला एक कुटुंब थांबलं, त्यातल्या आजींनी वडा चाखला आणि गाडीतल्या बाकीच्यांना हाक मारली. तिथून सुरू झालं. आता पवनीची माझी चुलत बहीण दोरीवर कोशाचे दुपट्टे टांगते. लोक जेवण होईपर्यंत ते हाताळतात. त्या शंका काढणाऱ्या बाईच्या हातची रोटी आता पाहुणे नाव घेऊन मागतात. पुष्कळदा मासा उरतो, पाऊस आला की चूल विझते, कुणी पनीर मागून रुसूनही जातो. पण चालतं आहे.

यंदा कापणीनंतर सुजाता येणार आहे, नातीला घेऊन. नात फोनवर आजोबांना अर्धी मराठी, अर्धी पोर्तुगीज सांगते आणि ते दोन्हीला होय म्हणतात.

मी मात्र इतक्या वर्षांत डोंग्यात बसले नव्हते. भीती पाण्याची नव्हती, खालच्या गोष्टींची होती. गेल्या रविवारी सकाळी सुजाताचे बाबा म्हणाले, तू कधीच आली नाहीस. त्यात तक्रार नव्हती. मी डबा भरून घेतला आणि गेले. ऊन कोवळं होतं, काठावरचं धान पिवळंधम्मक. बऱ्याच आत गेल्यावर त्यांनी सुखदेवला हातानं थांबवलं. दूरची टेकडी पाहिली, पाण्यातून वर आलेलं वाळकं झाड पाहिलं, डोंगा जरा डावीकडे घ्यायला लावला.

“इथं,” ते म्हणाले.

“काय इथं?”

“आपली चूल.”

मी खाली पाहिलं. हिरवं पाणी, त्यात ऊन हलत होतं. मला वाटलं होतं मला रडू येईल. त्यांनी डबा उघडला. एक वाटा सुखदेवला दिला, एक मला. तळलेला मासा आणि वडे गरम होते. आम्ही तिघं जेवलो, त्या जागेच्या वर, जिथे मी नवी नवरी म्हणून पहिल्यांदा भात रांधला होता. त्यांनी काटे एका पानात गोळा केले, डोंग्याबाहेर वाकून त्या पाण्यात हात धुतले आणि ओला हात चेहऱ्यावरून फिरवला.

काठावर गाड्या येऊन लागल्या होत्या. आमच्या बाया पदर हलवून बोलावत होत्या.

“चाल सुखदेव,” ते म्हणाले. “लोकं भुकेली असतीन.”